लाना टर्नर कोसळली! अमेरिकन कवितेत हॉलिवूडचं काय काम?

पिटातला प्रेक्षक

फेब्रुवारी १९६२. न्यूयॉर्कचा एक कवी स्टेटन आयलंडच्या फेरीबोटीत बसून काव्यवाचनाला निघालाय. 'न्यूयॉर्क पोस्ट'मध्ये बातमी आहे की हॉलिवूडची नटी लाना टर्नर कोसळली. बोट पलीकडे लागेपर्यंत याची कविता तयार. वॅग्नर कॉलेजात ती तो तशीच, शाई वाळायच्या आत वाचतो आणि लोक खूश होतात. त्याच कार्यक्रमात रॉबर्ट लोवेल, म्हणजे त्या काळातलं भलतंच वजनदार नाव. आपण काही वाटेत कविता लिहून आणलेली नाही, असा चिमटा लोवेलनं काढला म्हणतात.

तो बोटीतला कवी फ्रँक ओ'हारा. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये पुढच्या काउंटरवर पोस्टकार्डं विकण्यापासून त्यानं नोकरी सुरू केली आणि क्युरेटरपर्यंत पोचला. जेवणाच्या सुट्टीत कविता लिहायचा, म्हणून १९६४च्या संग्रहाचं नावच 'लंच पोएम्स'. दोन वर्षांनी फायर आयलंडच्या किनाऱ्यावर गाडीची धडक बसून गेला. वय अवघं ४०.

ही लाना टर्नरची कविता जेमतेम सतरा ओळींची. विरामचिन्हं जवळपास नाहीत. बोलणारा माणूस भेटीला घाईघाईनं चाललाय, वर पाऊस आणि बर्फ एकदमच पडतंय. जिला किंवा ज्याला भेटायचंय त्याचं म्हणणं, या गारा आहेत. हा म्हणतो, गारा असत्या तर टाळक्यात बसल्या असत्या. ट्रॅफिकही आभाळासारखाच वागतोय. तेवढ्यात बातमीचा मथळा दिसतो. मग त्याला आठवतं, हॉलिवूडात बर्फ नाही, कॅलिफोर्नियात पाऊस नाही. मीही पुष्कळ पार्ट्यांना गेलोय, तिथे नाही नाही ते धिंगाणे घातलेत, पण कोसळलो असा कधी नाही. आणि शेवटी थेट तिलाच: आमचा जीव आहे गं तुझ्यावर, ऊठ.

मला कविता जाम आवडली. पण एक खटकतंय. मी लाना टर्नरचा एकही सिनेमा पाहिलेला नाही. अशा कविता नटनट्यांच्या नावांवर उभ्या असतात. ती नावं विसरली गेली की कविता उरते, की नुसती तळटीप? आणि अमेरिकन कवी एवढे सिनेमाच्या नादी का लागलेले असतात? जाणकारांनी लिहावं. अजाणकारांनी तर जरूर लिहावं.

खवट

पेपरातली बातमी ओळी तोडून छापली की कविता होते हे माहीत नव्हतं. उद्यापासून आमच्या पेपरवाल्याला कविवर्य म्हणत जाईन.

पॉपकॉर्नवाली

खवटकाका आले. आता धागा शंभरी गाठणार. मी आपली नावाला जागून बसले.

जर्सीकर

'पॅटर्सन' (२०१६) अजून कुणीच कसा काढला नाही? जिम जार्मुशचा सिनेमा. न्यू जर्सीतल्या पॅटर्सन गावात पॅटर्सन नावाचाच बस ड्रायव्हर. सकाळी डेपोत बस सुटायच्या आधी दोन ओळी, दुपारी धबधब्यासमोर डबा खाताना आणखी दोन. बायको मागे लागते, छाप की कुठेतरी. तो हं हं करत राहतो. अ‍ॅडम ड्रायव्हरनं या कामासाठी खरोखर बस चालवायचं लायसन काढलं होतं.

सिनेमातली पहिली कविता कशावर, तर काडेपेटीवर. 'ओहायो ब्लू टिप' नावाच्या काड्या, त्यांच्या पेटीवरची अक्षरं, पेटीचा निळा रंग. हे सगळं तो इतक्या बारकाईनं सांगत जातो की ही प्रेमकविता आहे हे आपल्याला फार उशिरा कळतं. अक्षरं पडद्यावर त्याच्या हस्ताक्षरात उमटत जातात. या कविता रॉन पॅजेटच्या. आता गंमत बघा: पॅजेट आणि जार्मुश दोघेही कोलंबिया विद्यापीठात कवी केनेथ कोकचे विद्यार्थी, आणि कोक म्हणजे धागाकर्त्याच्या ओ'हाराचा जिवलग दोस्त. एकच घराणं म्हणा ना.

आम्ही इथून जवळच राहतो. भारतातून पाहुणे आले की नायगाराची फर्माईश ठरलेली. वेळ नसला की आम्ही पॅटर्सनचा धबधबा दाखवून आणतो. ७७ फूट उंच आहे, शेजारी जुन्या रेशीम गिरण्या आहेत, विल्यम कार्लोस विल्यम्सनं या गावावर पाच भागांचं महाकाव्य लिहिलंय वगैरे सगळं मी उत्साहानं सांगतो. पाहुण्यांचा चेहरा मात्र 'हाच का?' असाच राहतो. सासूबाईंनी तर विचारलं, इथे भजी मिळत नाहीत का.

दोन पोरांची आई

सासूबाई रास्त बोलल्या.

कल्याण स्लो

पॅटर्सन पाहिलाय. त्यात बारच्या भिंतीवर गावच्या नामवंतांची कात्रणं लावलेली असतात आणि मानाची जागा लू कॉस्टेलोला. अ‍ॅबट आणि कॉस्टेलोमधला तो गोलमटोल. त्याचा पुतळाही गावात आहे. म्हणजे गावाला महाकवी मिळाला, पण भिंतीवर बसला विनोदी नट. जार्मुशला हेच दाखवायचं असावं, की त्या बारमध्ये दोघांची किंमत सारखीच.

आणि शनिवारी रात्री नवराबायको सिनेमाला जातात तो १९३२चा काळापांढरा भयपट. घरी येतात तर त्या मार्विन नावाच्या बुलडॉगनं वहीचा...

पॉपकॉर्नवाली

स्पॉयलर! निषेध! निषेध!

कल्याण स्लो

दहा वर्षं झाली सिनेमाला, ताई. आता स्पॉयलर नाही, इतिहास.

निवृत्त मास्तर

मंडळी, हा नाद ओ'हारानं लावलेला नाही. व्हॅचेल लिंडसे या कवीनं १९१५ साली 'द आर्ट ऑफ द मूव्हिंग पिक्चर' हे पुस्तक लिहिलं. सिनेमा ही कला आहे असं गंभीरपणे मांडणारं अमेरिकेतलं हे अगदी सुरुवातीचं पुस्तक. सिनेमा तेव्हा मुका होता आणि बऱ्याच विद्वानांच्या लेखी जत्रेतला खेळ होता. लिंडसेनं मेरी पिकफर्ड या नटीवर कविताही केल्या. त्या आज वाचवत नाहीत, ते सोडा.

धागाकर्त्याच्या प्रश्नाला खरं उत्तर हार्ट क्रेनची 'चॅप्लिनेस्क' देते असं मला वाटतं. १९२१ साली चॅप्लिनचा 'द किड' पाहून त्यानं ती लिहिली. कवितेच्या आत चॅप्लिनचं नाव नाही, ते फक्त शीर्षकात आहे. आत आहे दारच्या पायरीवर सापडलेलं उपाशी मांजराचं पिल्लू, आणि रस्त्याच्या दांडगाईपासून त्याला वाचवायला कोटाच्या फाटक्या कोपराची ऊब. चॅप्लिन ज्याला ठाऊक नाही त्यालाही पिल्लू कळतं.

जाता जाता एक किस्सा, कारण मला आवरत नाही. कवी टी. एस. एलियट विनोदी नट ग्राऊचो मार्क्सचा चाहता होता. त्यानं पत्र लिहून फोटो मागितला. ग्राऊचोनं आपला सभ्य फोटो पाठवला. एलियटचं पुन्हा पत्र: तसा नको, सिगार आणि मिशीवाला हवा. तो आला आणि येट्स, व्हॅलेरी यांच्या रांगेत भिंतीवर लागला. १९६४ साली ग्राऊचो लंडनला एलियटच्या घरी जेवायला गेला. जाण्याआधी बिचाऱ्यानं एलियटची 'द वेस्ट लँड' तीनदा वाचून काढली, वर 'किंग लिअर'ही चाळलं, जेवताना बोलता यावं म्हणून. एलियटला त्यात काडीचा रस नव्हता. त्याला बोलायचं होतं ग्राऊचोच्या 'डक सूप' सिनेमातल्या कोर्टाच्या प्रसंगाबद्दल, आणि त्यातला शब्दही ग्राऊचोला आठवत नव्हता. ग्राऊचोनं हे सगळं भावाला पत्रात लिहून ठेवलंय.

खवट

किस्सा फर्मास आहे मास्तर. पण एलियटनं ग्राऊचोवर कविता केली का? नाही. जेवायला बोलावलं. माझं म्हणणं तेच आहे. नट आवडावा, फोटो लावावा, जेवू घालावं. कवितेत कशाला?

निवृत्त मास्तर

खवटराव, 'द वेस्ट लँड'मध्येच १९१२च्या एका रॅगटाइम गाण्याची ओळ बसलेली आहे, शेक्सपिअरचं नाव घेऊन नाचणारी. कवितेत बाजार घुसू नये ही अट एलियटनंही पाळली नव्हती.

मुक्ता

सगळे १९६०च्या आसपासच घुटमळताहेत. आताचं काही बोलूया का?

ट्रेसी के. स्मिथ. 'लाइफ ऑन मार्स' (२०११), पुढच्या वर्षी पुलित्झर. संग्रहाचं नावच डेव्हिड बोवीच्या गाण्यावरून. आत कुब्रिकच्या '२००१' सिनेमाचा शेवट आहे, नट चार्लटन हेस्टन दारात ताटकळत उभा आहे, बोवी स्वतः फिरतोय. वरवर वाटेल की विज्ञानपटांवरचं पुस्तक. पण हे पुस्तक आहे वारलेल्या वडिलांवर. ते इंजिनिअर होते, हबल दुर्बिणीवर काम केलेले. एके ठिकाणी ती सांगते की पहिले फोटो धूसर आले तेव्हा त्या सगळ्या हसऱ्या इंजिनिअर मंडळींसाठी, वडिलांसाठी, तिला शरमल्यासारखं झालं. दुसऱ्या वेळी काचा जुळल्या. हबल १९९० साली वर गेली, आरशातला दोष निघाला, १९९३ साली अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्ती केली, हे आपण बातम्यांत वाचलेलं. पण तेव्हा एका घरात कुणाची तरी मुलगी जेवणाच्या टेबलाशी बापाचा चेहरा वाचत बसलेली असणार, हे या कवितेनंतरच माझ्या डोक्यात आलं.

मग हेस्टन आणि कुब्रिक कशाला? मला वाटतं, मेलेलं माणूस कुठे गेलं हे विचारायला तिच्याकडे देवळातली चित्रं नाहीत, सिनेमातली आहेत. ज्या पिढीनं आकाश पहिल्यांदा पडद्यावर पाहिलं तिनं दुसरं काय वापरायचं?

अनवाणी

मुक्ता, हे फार चांगलं लिहिलंस. शेवटच्या दोन ओळींना तर टाळ्याच.

पण इथे सगळे 'सिनेमावरचं प्रेम' एवढंच धरून चाललेत. दुसरी बाजूही बघा. रीटा डव्हची एक कविता आहे, हॅटी मॅक्डॅनिएल कोकोनट ग्रोव्हला पोचते त्यावर. 'अमेरिकन स्मूद' (२००४) या संग्रहात. 'गॉन विथ द विंड'मधल्या मॅमीच्या कामासाठी हॅटीला ऑस्कर मिळालं, ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. समारंभ २९ फेब्रुवारी १९४०ला लॉस एंजेलिसच्या अँबॅसॅडर हॉटेलात, कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबमध्ये. हॉटेल काळ्यांना आत घेत नसे. निर्मात्याला तिच्यासाठी खास परवानगी काढावी लागली आणि तिला बसवलं बाकी कलाकारांपासून वेगळ्या, भिंतीलगतच्या छोट्या टेबलावर. त्याआधी डिसेंबर १९३९मध्ये अटलांटाला सिनेमाचा पहिला खेळ झाला तिथे तर तिला जाताच आलं नाही. १९५२ साली गेली. हॉलिवूड सेमेटरीत दफन व्हावं ही इच्छा होती, तिथेही नकारच.

डव्ह हे सगळं भाषण ठोकून सांगत नाही. ती हॅटीला डाव्या बाहीवर गार्डेनियाची फुलं लावून दारातून आत आणते, आणि आपण तिची चाल बघत राहतो. तिला आत कुठे बसवणार आहेत हे आपल्याला माहीत असतं.

आता ओ'हाराची ती सिनेमा उद्योगाला उद्देशून लिहिलेली कविता काढा आणि नावं मोजा. फ्रेड अस्टेअर, जिंजर रॉजर्स, मे वेस्ट, व्हॅलेंटिनो, क्लार्क गेबल, मेरिलिन मन्रो... हॅटी कुठाय? नाव घेणं हे प्रेम असेल तर ते कुणाच्या वाट्याला येतं, हाही प्रश्न आहेच.

पिटातला प्रेक्षक

अनवाणी, मुद्दा बिनतोड. त्या कवितेबद्दल थोडं सांगतो, म्हणजे ज्यांनी वाचली नाही त्यांना संदर्भ लागेल. १९५०च्या दशकात टीव्ही घरोघर पोचला आणि थिएटरं ओस पडायला लागली. त्याआधी १९४८ साली सुप्रीम कोर्टानं स्टुडिओंना त्यांच्या मालकीची थिएटरं सोडायला लावली होती. तर असा गळ्याशी आलेला धंदा, आणि हा पठ्ठ्या त्याला प्रेमपत्र लिहितो. सुरुवातीलाच वाङ्मयीन नियतकालिकं, प्रायोगिक रंगभूमी, ऑपेरा यांना एकेक करून बाजूला सारतो, आणि सांगतो की माझं प्रेम तुझ्यावर, चित्रपट उद्योगा! मग पानभर नटनट्यांची नामावळी, प्रत्येकाला एकेक ओळीचा मान. टारझनचंसुद्धा नाव येतं. आपल्या विष्णुसहस्रनामाचा थाट आहे.

दोन पोरांची आई

त्याचीच ती आयांना उद्देशून लिहिलेली वाचलीत का? अमेरिकेतल्या मातांनो, पोरांना सिनेमाला जाऊ द्या, म्हणजे ती घरात राहून तुम्ही काय काय करता ते बघणार नाहीत! पुढे बरंच चावट आहे, इथे लिहीत नाही, सासरची मंडळी धागा वाचतात. शेवटी तो बजावतो की नाही सोडलंत तर पोरं टीव्हीसमोर बसून म्हातारी आणि आंधळी होतील, लहानपणी तुम्ही बघू न दिलेले सिनेमे बघत.

वाचून हसले आणि मग हॉलमध्ये पाहिलं. मोठा सोफ्यावर मोबाइल घेऊन, धाकटा खुर्चीवर मोबाइल घेऊन. मी म्हटलं चला, थिएटरला जाऊ, मी पैसे देते. दोघंही म्हणाले, तीन तास सलग? त्या कवीला कुणीतरी कळवा.

पॉपकॉर्नवाली

आई =))

माझा सवाल: ओ'हारा मला 'मॅड मेन' मालिकेमुळे माहीत झाला. दुसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात डॉन ड्रेपरला बारमध्ये शेजारी बसलेला माणूस त्याचं 'मेडिटेशन्स इन अ‍ॅन इमर्जन्सी' वाचताना दिसतो, आणि म्हणतो तुला नाही आवडणार. मग डॉन नेमकं तेच पुस्तक मिळवून वाचतो. 'ब्रेकिंग बॅड'मध्ये तर व्हिटमनच्या 'लीव्ह्ज ऑफ ग्रास'च्या एका प्रतीवर पूर्ण कथानक उलटतं, आणि ती प्रत सापडते कुठे तर संडासात. म्हणजे आधी कवी सिनेमाच्या दारात, आता मालिकावाले कवीच्या दारात. फिटंफाट झाली का?

कल्याण स्लो

संडासात वाचायला व्हिटमनच बरा. ओळी लांब असतात.

मी कार्टूनवाल्यांची बाजू मांडतो, कारण त्यांना कुणी विचारत नाही. जॉन अ‍ॅशबेरीनं पॉपायवर सेस्टिना लिहिली आहे. सेस्टिना म्हणजे फार कडक बंधनाचा प्रकार. सहा ओळींची सहा कडवी, शेवटी तीन ओळी. पहिल्या कडव्यात ओळींच्या शेवटी आलेले सहा शब्दच पुढच्या प्रत्येक कडव्यात ठरलेल्या क्रमानं उलटसुलट होत ओळींच्या शेवटी यायला हवेत. मध्ययुगातल्या प्रोव्हान्सच्या कवींचं हे काम. अ‍ॅशबेरीनं निवडलेल्या सहा शब्दांत एक मेघगर्जना आहे, एक अपार्टमेंट, आणि एक अर्थातच पालक, पॉपायची ती भाजी. त्यामुळे दर कडव्यात एकदा पालक येतोच. कवितेचं शीर्षक एखाद्या म्युझियममधल्या निसर्गचित्राला शोभेल असं भारदस्त, आणि आत विंपी, ऑलिव्ह, स्वीपी आणि चेटकीण अपार्टमेंटमध्ये बसून पॉपाय कुठे गेला म्हणून चर्चा करताहेत. मला ती नीट कळलेली नाही. पण परत परत वाचतो. खवटकाकांनी एकदा सेस्टिना करून बघावी, मग बातमी-कवितेचं बोलावं.

खवट

पालकावर? भाजी घ्यायला गेलो की सुचेल.

फडताळ

वाचनमात्र होतो, पण राहवलं नाही. 'सिनेमा कवितेत कशाला' असं विचारणाऱ्यांनी अरुण कोलटकरांकडे बघावं. तुमच्यावर प्रभाव कुणाचे, या प्रश्नाला त्यांनी एकदा लांबलचक यादी दिली होती. त्यात ज्ञानेश्वर, तुकाराम, जनाबाई, मर्ढेकर, रामजोशी आहेत. व्हिटमन, हार्ट क्रेन (मास्तर, तुमचा!), गिन्सबर्ग, सिल्व्हिया प्लाथ आहेत. मडी वॉटर्स, बॉब डिलन, कुरोसावा आहेत. आणि लॉरेल-हार्डीही आहेत. हे नाव त्यांनी गंमत म्हणून टाकलं असेल असं मला मुळीच वाटत नाही. 'जेजुरी'तली कोरडी मिस्कील नजर आठवा. पोट धरून हसावं असा प्रसंग अगदी निर्विकार चेहऱ्यानं सांगायचा, हे मूकपटातल्या लोकांचंच कसब. गिन्सबर्ग १९६२ साली मुंबईत आला होता, पण कोलटकरांकडे अमेरिका त्याच्याही आधी गाण्यांतून आणि सिनेमांतून पोचलेली होती. दिलीप चित्र्यांनी तर स्वतःच 'गोदाम' हा सिनेमा दिग्दर्शित केला.

निवृत्त मास्तर

फडताळ, यादीची आठवण करून दिलीत, बरं वाटलं. हार्डीपेक्षा कोलटकरांचं मला लॉरेलशी जास्त जमेल असं वाटतं.

अनवाणी

अवांतर होतंय, पण चांगलं अवांतर आहे. चालू द्या.

सायली_पुणे

मी एक वेगळं उदाहरण देते. कवी ओशन व्हाँग, जन्म १९८८, व्हिएतनाममधलं सायगाव. दोन वर्षांचा असताना अमेरिकेत आला. २०१६च्या संग्रहात सायगाव पडतानाच्या दिवसांवर एक कविता आहे. २९ एप्रिल १९७५ला अमेरिकन लष्करी रेडिओवर 'व्हाइट ख्रिसमस' वाजलं, आणि ती खूण होती: सगळ्यांनी आता शहर सोडायचं. एप्रिलच्या उकाड्यात हिमवर्षावाचं गाणं! गाणं मुळात १९४२च्या 'हॉलिडे इन' या सिनेमातलं, बिंग क्रॉस्बीनं गायलेलं, अगदी घरगुती, सणाचं, मऊ. व्हाँग त्या गाण्याचे तुकडे कवितेत मध्ये मध्ये सोडतो आणि आजूबाजूला शहर जळत असतं, हेलिकॉप्टरं माणसं उचलत असतात. त्यात बर्फासारखं पांढरं काय काय येतं ते वाचूनच बघा.

ही कविता वाचल्यापासून डिसेंबरात मॉलमध्ये ते गाणं लागलं की मला नीट खरेदी करता येत नाही. तर धागाकर्त्याला सांगायचं ते असं, की कविता जगण्यासाठी गाणं आठवावं लागतं हे खरं. पण उलटंही होतं. गाणं कवितेनं कायमचं नासवलं.

जर्सीकर

सायलीताई, इथे नोव्हेंबरपासूनच सुरू होतं ते. तुमच्या या प्रतिसादामुळे माझेही दोन महिने गेले.

मुक्ता

ओ'हाराच्या वंशजांत डायान स्यूसचंही नाव हवं. 'फ्रँक: सॉनेट्स' (२०२१, पुलित्झर २०२२). त्यातला फ्रँक म्हणजे हाच. सॉनेट म्हणायला चौदा ओळी, पण ओळी इतक्या लांब की पुस्तकच आडवं रुंद छापलंय. गरिबी, मिशिगनमधलं खेडं, न्यूयॉर्कचे पंकचे दिवस, एड्सनं गेलेला मित्र. सिनेमा आणि गाण्यांची नावं येतात, पण कुणाला दिपवायला नाही. घरातल्या माणसांची नावं यावीत तशी येतात.

कल्याण स्लो

सुरुवात कुठून करावी हो? म्हणजे इंग्रजी कविता म्हटली की माझी दहावी डोळ्यांपुढे येते.

मुक्ता

'लंच पोएम्स'. खिशात मावतं, लोकलमध्ये वाचता येतं, कुठल्याही पानापासून सुरू करा. नंतर ट्रेसी के. स्मिथ. अ‍ॅशबेरीकडे घाईनं जाऊ नका. तुम्ही उलटे गेलात.

पिटातला प्रेक्षक

मधल्या काळात दोन गोष्टी केल्या. एक, लाना टर्नरचा 'द पोस्टमन ऑलवेज रिंग्ज ट्वाइस' (१९४६) पाहिला. तिची एन्ट्री: जमिनीवरून एक लिपस्टिक घरंगळत येते, कॅमेरा ती जिकडून आली तिकडे वळतो, आधी दिसतात पाय, मग दारात उभी पूर्ण पांढऱ्या कपड्यांतली ती. समोरचा नायक हातातलं काम विसरतो. आपणही. एवढी टापटीप, एवढी बेदरकार बाई 'कोसळली' हे वाचून बोटीतल्या माणसाला काय झालं असेल ते तेव्हा कळलं. म्हणजे सिनेमा पाहून कवितेत भर पडते, हे मान्य.

दुसरी गोष्ट, 'द डे लेडी डाइड' पुन्हा वाचली. ही जॅझ गायिका बिली हॉलिडेवर, ती १७ जुलै १९५९ला गेली त्या दिवसाची. नावांचा नुसता पाऊस आहे: गाडीची वेळ, बर्गर, बँकेतली बाई, व्हर्लेन, जने, दारूची बाटली, सिगरेटचे ब्रँड. आणि बिली हॉलिडेचं नाव कुठेच नाही! पेपरवर तिचा चेहरा, एवढंच. मग एकदम त्याला आठवतं, 'फाइव्ह स्पॉट' क्लबमध्ये संडासाच्या दाराला टेकून तो उभा होता आणि ती मॅल वॉल्ड्रनच्या पियानोवर ओठातल्या ओठात गात होती, आणि सगळ्यांचाच श्वास थांबला होता. मास्तरांनी क्रेनबद्दल सांगितलं तेच इथेही. पियानोवाल्याचं नाव आहे, गाणारीचं नाही.

त्यामुळे माझा मूळ प्रश्न जरा बदलला. नावं विसरली जातील म्हणून मी घाबरत होतो. पण लाना टर्नरच्या कवितेत मला पहिल्या वाचनात काय लागलं होतं? गारा की बर्फ हे भांडण. घाईत असलेला माणूस. ते तिच्याशिवायही उभं होतंच. अनवाणी यांच्या हॅटीच्या मुद्द्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. तिथे नाव असणं हाच सगळा मामला आहे, आणि डव्हनं ते ठळक शीर्षकात घातलं ते बरोबरच केलं.

अनवाणी

मान्य. आणि बिली हॉलिडे ओ'हाराला दिसली हेही मी मान्य करते. माझी तक्रार एका कवितेपुरती मागे.

दोन पोरांची आई

ताजी खबर: माझा धाकटा मूकपटवाल्या बस्टर कीटनचा 'शेरलॉक ज्युनिअर' बघायला बसला. ४५ मिनिटांचा आहे असं सांगितलं म्हणून. कीटन पडद्यात शिरतो तो सीन तीनदा मागे घेऊन पाहिला. ट्रिक कशी केली ते आता मलाच विचारतोय.

जर्सीकर

सांगा त्याला, १९२४मध्ये कॉम्प्युटर नव्हता, मोजपट्टी होती. प्रत्येक दृश्यात कॅमेरा आणि कीटन यांच्यातलं अंतर इंचाइंचानं मोजून त्याला तिथेच उभं करायचे.

खवट

सगळं वाचलं. कविता विकत घेणार नाही, आधीच सांगतो. 'पोस्टमन' मात्र पाहिला, रात्री दीडपर्यंत. मास्तर, ती ग्राऊचोची पत्रं कुठे मिळतील?

निवृत्त मास्तर

'द ग्राऊचो लेटर्स', १९६७. माझ्या प्रतीची पाठ उसवली आहे, म्हणून ती बाहेर देत नाही. जुन्या पुस्तकवाल्यांकडे विचारत राहा, आणि दोन मिळाल्या तर एक मला ठेवा.